पणजीच्या हातची गोधडी

सुगंधामावशीचा फोन आला तेव्हा उत्तरा गोधडीच्या तिसऱ्या कोपऱ्यावर लाल तिकोनी तुकडा शिवत होती.

"पुरी झाली काय गो?"

"झालीच. चौथा कोपरा तुझ्यासाठी ठेवलाय."

"आणि आतली शिवण? मालनचीच ना सगळी?"

उत्तराने सुई कापडात टोचून ठेवली. "आईचीच," ती म्हणाली. "मी नुसत्या कडा बंद केल्यात."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की उत्तर द्यायला आपल्याला क्षणभरही थांबावं लागलं नाही. गेले आठ-दहा महिने ती हेच सांगत आली होती. भावाला, भाचीला, शेजारणींना, हौशी गोधडीवाल्या बायकांच्या ग्रुपवर तर फोटोसकट. सांगून सांगून ते वाक्य गुळगुळीत झालं होतं. आई जाऊन दोन महिने होऊन गेले, तरी त्याला कुठे खरचटलं नव्हतं.

त्यांच्या घरात बाळाची गोधडी करायची एक रीत होती. मधली शिवण पुरी करायची, चार कोपऱ्यांवर चार तिकोनी तुकडे बसवायचे, पण चौथ्या तुकड्याची एक बाजू उघडी ठेवायची. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईने तिथून पाच तांदूळ आत सोडायचे आणि ती बाजू शिवून टाकायची. गोधडीचं पोट रिकामं ठेवू नये, म्हणून. मगच बाळाला त्यावर निजवायचं. उत्तराला आठवतं तेव्हापासून हे काम तिची आई, मालन, करत आली होती. कुडाळकडच्या नात्यातलं कोणीही मूल मुंबईत जन्मलं की गोधडी मुलुंडला यायची, आई तांदूळ घालून कोपरा शिवायची. आता आई नव्हती. तिची धाकटी बहीण सुगंधा उरली होती, सत्त्याहत्तर वर्षांची, कांजूरमार्गला राहणारी. ती शनिवारी येणार होती. रविवारी बोरिवलीला श्रुतिकाच्या बाळाचं बारसं होतं.

श्रुतिका ही उत्तराच्या भावाची, सर्वेशची, एकुलती मुलगी. तिचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात आईने ट्रंक उघडून कपडे काढले होते. "अगं, अजून लग्न व्हायचंय," उत्तरा म्हणाली होती. "माझा हात कुठे थांबणार आहे तोवर," आई म्हणाली. वर घालायला स्वतःचं मोरपंखी सुती पातळ, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. पोटात उत्तराच्या वडिलांची दोन धोतरं. ते गिरणीत होते तेव्हाची, गिरणीच्याच कापडाची. खालच्या बाजूला श्रुतिकाच्या लहानपणच्या फ्रॉकांचे तुकडे. सगळे थर जमिनीवर अंथरून, सुरकुत्या हाताने सारून, कच्चे टाके घातले तेव्हा आई ऐंशी पार झालेली होती आणि तिला कंपवाताची पहिली गोळी सुरू होऊन चार महिने झाले होते.

आईने पोटासाठी कधी गोधड्या शिवल्या नाहीत. तिची ती हौस होती. दुपारी भांडी आवरली की खिडकीशी बसायची. मोठी गोधडी असली की शेजारची सुलक्षणा दुसऱ्या बाजूला बसायची आणि दोघी सगळ्या सोसायटीचा पंचनामा करत ओळी घालायच्या. उत्तरा घाटकोपरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. लग्न केलं नव्हतं. तिला पुस्तकं पुरत होती. पन्नाशीला टेकल्यावर मात्र कधीतरी तिनेही सुई हातात घेतली, आणि घेतली ती तिच्या पद्धतीने: आधी वाचलं, मग व्हिडिओ पाहिले, मग पट्टी, शिवणाचा खडू, बारीक नाकाच्या सुया आणल्या. वर्षभरात तिचा टाका इतका एकसारखा पडू लागला की ग्रुपवरच्या बायका विचारायच्या, मशीन कुठलं? आई तिचं काम हातात घेऊन उलटंसुलटं बघायची. "छान," म्हणायची. "खडू पुसून टाक हो नंतर."

श्रुतिकाच्या गोधडीच्या पहिल्या तीन ओळी तशा बऱ्या पडल्या. कडेकडेने सुरुवात करून गोल गोल आत मध्यापर्यंत जायचं, अशी ती शिवण असते. चौथ्या-पाचव्या ओळीपासून टाके भरकटू लागले. एक तांदळाएवढा, पुढचा चिंचोक्याएवढा. ओळ सरळ चालता चालता खाली घसरायची, पुन्हा वर चढायची. मधेच एका जागी दोरा गोळा झालेला असायचा. आईला दिसत होतं की नाही कोण जाणे, ती शिवत राहिली.

जून महिन्यात श्रुतिकाची सासू, इरावतीताई, मुलुंडला भेटायला आल्या. बोरिवलीतलं जुनं, सुस्थितीतलं घर त्यांचं, नवरा निवृत्त वकील. बाई बोलायला गोड होत्या. दिवाणावर पडलेली गोधडी त्यांनी उचलली, एका ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अरे वा, अजून शिवतात? या वयात एवढं करतात हेच खूप हो."

त्यात वाईट काही नव्हतं.  पण उत्तराला आईच्या टाक्यांची लाज वाटली. लहानपणी शाळेत आई मालवणीत बोलली की वाटायची तशी, आणि त्या वेळी वाटायची तशीच लाज वाटल्याचीही लाज. ती पटकन म्हणाली, "अजून कच्चं आहे ते. पक्कं व्हायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला, आई झोपलेली असताना, उत्तराने चहाचा कप बाजूला ठेवून ब्लेडच्या टोकाने पहिली गाठ कापली.

मग ते रोजचं झालं. आई दुपारी तीन-चार वीत ओळ घालायची. सकाळी उत्तरा ती उसवायची, भोकं नखाने घासून मिटवायची, खडूची रेघ मारून तीच ओळ पुन्हा घालायची. तासाभराचं काम. आईच्या टाक्याएवढाच टाका घालायचा, आईला तरुणपणी जमायचा तेवढा, हे तिने मापून ठरवलं होतं. तिला वाटलं, आपण आईचा मान राखतो आहोत. खरंच असं वाटलं होतं तिला. पुढे पुढे सुरुवातीच्या तीन ओळी बाकीच्यांशी जुळेनात, तेव्हा त्याही उसवल्या.

आईच्या गाठी जबर असत. तिहेरी पीळ देऊन मारलेल्या. सप्टेंबरात एकदा ब्लेड निसटलं आणि उत्तराच्या तर्जनीत गेलं. चांगली खोल चीर पडली. आईने दुपारी पट्टी पाहिली. "काय झालं?"

"भाजी चिरताना."

"कुठली भाजी?"

"भेंडी."

घरात त्या दिवशी पडवळ होतं. 

त्याच आठवड्यात उत्तराने अर्ध्या झालेल्या गोधडीचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या आईचं काम. वय ब्याऐंशी. हात थरथरतो, पण टाका नाही.' बेचाळीस बायकांनी हात जोडले, फुलं टाकली, कोणी लिहिलं की डोळ्यांत पाणी आलं. सुलक्षणाही त्या ग्रुपवर होती. ती संध्याकाळी फोन घेऊन धावत आली. "मालनकाकू, अहो बघा तरी, तुम्ही स्टार झालात! सगळ्या विचारतायत, काकू क्लास घेणार का?"

आईने चष्मा लावून फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग उत्तराकडे बघून म्हणाली, "हो का? चांगलंय की." आणि चहा मागितला.

त्यानंतर आईच्या दोऱ्याला गाठ नसायची. ओळ सुरू करताना नाही, संपताना नाही. दोऱ्याचं टोक नुसतं लोंबत असायचं, ओढलं की सगळी ओळ सरकन बाहेर. उत्तराने महिनाभर बघितलं आणि दिवाळीनंतर सर्वेशला फोन केला. आई आतल्या खोलीत होती, दार उघडं होतं.

"गाठ मारायलासुद्धा विसरते रे आता. इतकी वर्षं हेच केलं, आणि हेच विसरावं?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"वाढणार म्हणतात. त्यात परवा गादीवर सुई सापडली मला. टोचली असती म्हणजे?"

"मग देऊच नको ना हातात. कशाला रिस्क? वाट लागायची उगाच."

तिने दिली नाही. सुयांचा डबा कपाटात वरच्या फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी आईने शोधलं, मग विचारलं. उत्तराने समजावून सांगितलं, आवाज अगदी मऊ ठेवून, कॉलेजातल्या मुलांना उशिरा परत केलेल्या पुस्तकाबद्दल समज देताना ठेवायची तसा. आईने ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आई दुपारी खिडकीशी बसायची आणि हात मांडीवर ठेवायची. रिकामा असला की तिचा हात जास्त थरथरतो, हे उत्तराच्या लक्षात आलं होतं. तिने ते डायरीत लिहून डॉक्टरांनाही सांगितलं. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आई न्यूमोनियाने गेली. गोधडी उत्तराने पुरी केली.

*

शनिवारी अकराला सुगंधामावशी रिक्षातून उतरली. वर येईपर्यंत तिने रिक्षावाल्याला, लिफ्टला आणि मुंबई महानगरपालिकेला नावं ठेवून घेतली.

"तुमच्या हय सगळो रस्तो खणून ठेवलो हा. माझी हाडां खळखळली. मालन होती म्हणान येय होतंय, नायतर मुलुंडात काय माझा ठेवलाहा?"

मुंबईत पंचावन्न वर्षं काढूनही मावशीची बोली बोटीतून उतरल्यासारखी ताजी होती. उत्तराने पाणी दिलं. मावशीने पिशवीतून कुळथाची पिठी आणि कोकमं काढली, हात धुतले, आईच्या फोटोपुढे उभी राहून पदराने काच पुसली. "फोटो बरो काढलाय. हसता मगे, बरा हा." मग खिडकीशी बसली, आईच्याच जागी, आणि मांडी थोपटली. "हाड ती गोधडी, बघया."

उत्तराने गोधडी तिच्या मांडीवर ठेवली. पाच तांदळांची वाटी, दोरा ओवलेली सुई बाजूला ठेवली.

मावशीने चष्मा लावला नाही. ती बोलत राहिली, बारशाला कोण येणार, सर्वेश जाडा झाला, त्याला सांग भात कमी खा. आणि बोलता बोलता तिची बोटं गोधडीवरून चालत होती. कडेने गेली, कोपऱ्यावर वळली, पुढच्या ओळीत उतरली. पुन्हा कडेला आली. मग बोलणं विरळ झालं आणि थांबलं.

"ह्यात मालन खय हा गो?"

"म्हणजे?"

"कुठे आहे ती, म्हणतंय. ह्यात."

"सगळीकडे," उत्तरा म्हणाली.

मावशीने चष्मा लावला. "मालन डावरी होती."

"हो."

"जेवूक उजवो, शिवूक डावो. आमच्या आयेन मारून मारून जेवणाचो हात बदलल्यान, सुयेचो नाय बदललो. मगे ती शिवताना कड आपल्याकडे घेय, आणि सुई अशी जाय." तिने डावीकडून उजवीकडे बोट ओढलं. "कोपरो इलो की गोधडी फिरवी. म्हणजे तिची ओळ अशी फिरता." तिने हवेत एक वर्तुळ काढलं. "ही बघ खयसून फिरली हा. उलटी. पयल्या ओळीपासून मदल्या टाक्यापर्यंत. ही सगळी उजव्या हाताची हा."

उत्तराने पाहिलं. एक फेरा संपून आतला फेरा जिथे सुरू होत होता, तो प्रत्येक लहानसा उतार चुकीच्या बाजूला होता. तिने टाक्याची लांबी मापली होती, दोन ओळींमधलं अंतर मापलं होतं, दोऱ्याचा रंग दादरला जाऊन जुळवून आणला होता. चोपन्न वर्षं डावखुऱ्या बाईच्या हातचं खाऊन, लेऊन, हे तिला सुचलं नव्हतं.

"शेवटी शेवटी तिने हात बदलला असेल," ती म्हणाली. तोंडातून निघाल्यावर तिला स्वतःलाच ते ऐकवेना.

आमटीत मीठ घातलंय म्हणून ठासून सांगणाऱ्या सुनेकडे बघावं तसं मावशीने तिच्याकडे पाहिलं. "ब्याऐंशीव्या वर्षी? हात बदललो? तुझ्या पुस्तकात बदलत असतीत हात. आमच्यात नाय."

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची टुंग टुंग चालली होती. ती थांबली.

"मी उसवले," उत्तरा म्हणाली. "रोज सकाळी. वाकडे पडत होते म्हणून."

"तां माका म्हायत हा."

"काय?"

"तिनां सांगल्यान माका. फोनवर." मावशीचा आवाज चढला नव्हता. "मी म्हटला, चार ओळी तरी ठेवलंस असशीत. तेच शोधतंय कधीपासून. एक पण नाय ठेवलंस गो?"

उत्तराने नकारार्थी मान हलवली.

"आईला कसं कळलं?"

"कसा म्हणजे? डाव्या हातान घातलेली ओळ सकाळी उजवी झाली, तर माणसाक कळूचा नाय? कंप हातात होतो, डोक्यात नाय." मावशीने गोधडी मांडीवर सारखी केली. "पयली पयली रडली थोडी. मगे म्हणाली, सुगंधा, जाऊ दे. मी दुपारी घालतंय, ती सकाळी काढता नि नवीन घालता. नायतर माझ्या वांगडा, माझ्या बाजूक बसून शिवूक तिका खय वेळ हा? असा समज दोघी मिळान शिवतोव."

 उत्तराने पाण्याचा तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आणि तुझ्या बोटाक ब्लेड लागला मा? काय सांगलंस तू, भाजी चिरताना?"

"भेंडी."

"हां, भेंडी. त्यावर आम्ही किती हसलोव. पण मगे तिनां गाठी मारूच्या सोडल्यान. म्हणाली, माझ्या गाठी घट, चेडवाच्या बोटाक लागता. आता टोक मोकळा सोडतंय. वढला की येतला."

बाहेर ऊन चढलं होतं. उत्तराच्या डोळ्यांपुढे ते लोंबणारं दोऱ्याचं टोक आलं, आणि त्यामागोमाग तिचा स्वतःचा आवाज, फोनवरचा, दार उघडं असतानाचा. विसरते रे आता. आईने तो आवाज ऐकला होता. ऐकून ती बाहेर आली नव्हती, म्हणाली नव्हती की मी विसरले नाही.

मावशी सुईकडे हात नेता नेता थांबली. "मगे एक माका कळला नाय. दिवाळीनंतर तिनां बंदच केल्यान. मी इचारलंय, काय करतंस दुपारची? तर म्हणे, टीव्ही बघतंय. हात अगदीच गेलो होतो काय गो तिचो?"

इथे एक शब्द पुरला असता. हो. मावशीने तो सहज मानला असता. तिला मानायचाच होता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आई तर काही सांगायला येणार नव्हती. आईने सांगायचं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं. तिने टीव्हीचं नाव सांगून मुलीला झाकलं होतं, आणि ते झाकण अजून जागच्या जागी होतं.

"हात गेला नव्हता," उत्तरा म्हणाली. "मी सुई काढून घेतली. गाठ मारत नाही म्हणजे विसरते, असं वाटलं मला. डबा वरच्या फळीवर ठेवला. तिने मागितला, मी दिला नाही."

 उत्तराला वाटलं मावशी रडेल, किंवा शिव्या देईल. मावशीच्या शिव्या प्रसिद्ध होत्या आणि त्या क्षणी उत्तराला त्या हव्या होत्या. पण मावशी कितीतरी वेळ खिडकीबाहेर समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे बघत राहिली.

"साडेतीन म्हयने," ती शेवटी म्हणाली. "हात मांडयेर घेऊन बसली ती?"

"हो."

"आणि तू बघी होतंस."

"हो."

मावशीने वाटी जवळ ओढली. पाच तांदूळ एकेक करून उघड्या बाजूने आत सोडले, सुई घेतली आणि कोपरा शिवायला लागली. तिचेही टाके आता लहानमोठे पडत होते. शेवटी तिने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

"पोराची काय चूक? म्हणान शिवलंय," ती म्हणाली. "पण उद्या हिका मालनची गोधडी म्हणू नको. माझ्यासमोर तरी नको. माका आयकवूचा नाय."

जेवायला ती थांबली नाही. रिक्षात बसताना तिने नेहमीसारखा उत्तराच्या गालावर हात ठेवला नाही, आणि उत्तराने त्यासाठी गाल पुढेही केला नाही.

*

बोरिवलीच्या हॉलमध्ये शिरल्या शिरल्या उत्तराला गोधडी दिसली. ती पाळण्यात नव्हती. सकाळीच सर्वेश ती घेऊन गेला होता, आणि इरावतीताईंनी पाळण्याशेजारी एक उंच खुर्ची मांडून तिच्यावर ती पसरून ठेवली होती, मोरपंखी बाजू वर, भोवती मोगऱ्याची माळ. पुढे एक जाड कागदाची पाटी, वळणदार अक्षरात छापलेली: 'पणजी कै. मालन यांच्या हातची. वय ब्याऐंशी.' बायका वाकून बघत होत्या, फोटो काढत होत्या.

सुगंधामावशी भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती. तिने पाटी वाचली की नाही कळलं नाही. ती पंख्याकडे बघत होती.

उत्तराने ठरवलं होतं की श्रुतिकाला बाजूला घेऊन सांगायचं. काल दुपारपासून तेच घोकत होती. पण श्रुतिका बाळाला पाजायला आत गेली होती, मग तिला साडी नेसवत होत्या, मग ती बाहेर आली ती बाळासकट, आणि चाळीस बायकांच्या गराड्यात. एखाद्या आठवड्याने निवांत सांगता येईल, असंही उत्तराच्या मनात आलं. मग तिला कळलं की हा आठवडा कधीच उजाडणार नाही. ती स्वतःला ओळखत होती.

"आता पणजीबाईंच्या गोधडीवर बाळराजे," इरावतीताई म्हणाल्या आणि गोधडी उचलून सगळ्यांना दिसेल अशी धरली. "बघा हो, हात थरथरत असताना शिवलीय. हा टाका बघा. मी त्यांचं आधीचं कच्चं काम पाहिलं होतं, त्यातून हे असं उभं केलं त्यांनी! उत्तराताई, सांगा ना दोन शब्द आईंबद्दल."

सगळ्या वळल्या. श्रुतिका हसत होती, तिचे डोळे भरून आले होते.

"ते आईचे टाके नाहीत," उत्तरा म्हणाली. आवाज इतका हळू की पुढच्या दोघी-तिघींनाच ऐकू गेला. "माझे आहेत. आईने घातलेले मी उसवून टाकले. तुम्ही जे पाहिलंत, इरावतीताई, ते कच्चं नव्हतं. तेच तिचं होतं."

"ताई, आत्ता काय हे?" सर्वेश तिच्या कानाशी म्हणाला. "नंतर, यार."

इरावतीताई हसल्या, प्रसंग सावरायची सवय असलेल्या बाईसारख्या. "अहो, मग काय झालं? आई काय, लेक काय, एकाच घरचे हात. मनाला लावून घेऊ नका."

ते इतकं सोपं होतं की उत्तराला क्षणभर त्या वाक्यात शिरून बसावंसं वाटलं. श्रुतिकाने मात्र हसणं थांबवलं होतं. तिने बाळ खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "आत्या, मग आजीचा एकही टाका नाही यात?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही. पातळ तिचं आहे. आणि अजून शिवत होती, तर मी सुई काढून घेतली तिची. ती विसरली नव्हती काही. मी सगळ्यांना सांगितलं विसरते म्हणून, ते चूक होतं."

श्रुतिका तिच्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या चेहऱ्यावर नुसतं एक काहीतरी मिटलं, जणू आत्याची ओळख ती नव्याने करून घेत होती आणि जे दिसत होतं ते तिला आवडत नव्हतं. मग बाळ कुरकुरलं. ती खाली वाकली, गोधडी पाळण्यात अंथरली, बाळाला तिच्यावर ठेवलं. पाटी उचलून तिने उपडी केली.

मागच्या रांगेत इरावतीताईंची आई बसली होती. नव्वदीच्या घरातली, कानांनी अधू, सगळा वेळ उत्सुकतेने मान वळवत तोंडं वाचत असलेली. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. "काय म्हणते गं ती? मला काही कळलं नाही. गोधडीचं काय?"

"काही नाही, आजी," शेजारीण म्हणाली.

"काही नाही कसं? सगळ्या गप्प का झाल्या?"

 बायका पाळण्याच्या दोऱ्या धरून उभ्या होत्या. सर्वेशने डोळ्यांनी बहिणीला खुणावलं, पुरे. भिंतीकडे सुगंधामावशी पंख्याकडे बघायचं सोडून आता उत्तराकडे बघत होती.

उत्तरा खुर्च्यांमधून वाट काढत मागच्या रांगेपर्यंत गेली. म्हातारीच्या कानाशी वाकली आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, हॉलच्या दारात उभ्या असलेल्यांनाही ऐकू जाईल असं.